अरबीतली कीटकनाशकं आणि पर्यावरणाची परिभाषा कशी शिकायची

दुबईतल्या पेस्ट कंट्रोल कंपनीतला तंत्रज्ञ, आखातात कांदा-डाळिंब पाठवणारा निर्यातदार, रेसिड्यू (मालात उरलेले औषधाचे अंश) तपासणाऱ्या लॅबमधला केमिस्ट आणि ही सगळी कागदपत्रं ज्याच्या टेबलावर येतात तो अनुवादक. या चौघांना बोलण्यापुरती अरबी पुरत नाही. बाटलीवर बहुतेक वेळा शेजारी इंग्रजी असतं, पण मंत्रालयाचं परिपत्रक किंवा माल अडवल्याचं कारण मूळ अरबीतच निघतं. २०१४ मध्ये सौदी अरेबियाने भारतातून येणाऱ्या मिरचीवर कीटकनाशकांच्या अंशांमुळे बंदी घातली होती. २०१७ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, ओमान आणि येमेन इथल्या ठराविक फळ-भाज्या याच कारणाने रोखल्या. अशा वेळी कुणीतरी भाषांतर करून देईल म्हणून थांबण्यापेक्षा परिपत्रकातले नेमके दहा-बारा शब्द स्वतः ओळखता येणं फार उपयोगी पडतं.

माझं मत आधीच सांगतो. या कामासाठी अख्खी अरबी शिकायची गरज नाही, पण शब्दांच्या याद्या पाठ करूनही काही साधत नाही. अरबी शब्द तीन अक्षरांच्या धातूवर ठरलेले साचे चढवून बनतात. पाच-सहा साचे आणि तीसेक धातू पक्के झाले की पुढचे शब्द ओळखू येऊ लागतात. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी लिपी, आणि तीही बिनस्वरांची

अठ्ठावीस अक्षरं आहेत. ती शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रूप बदलतात. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत बसतात. उर्दू येत असेल तर अर्धं काम झालेलंच असतं. रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या मंडळींनी लहानपणी कुराणपठण केलंय त्यांना अक्षरं येतात, पण तिथे प्रत्येक अक्षरावर स्वरचिन्हं असतात. लेबलवर ती नसतात. हा फरक पहिल्या आठवड्यातच जाणवतो, त्यामुळे सरावही लेबलवरच करा.

या लेखात अरबी शब्द देवनागरीत दिले आहेत ते तोंडओळखीपुरते. वहीत मात्र प्रत्येक शब्द अरबी लिपीतच लिहा. कारण असं की, अलिफने सुरू होणारा 'इबादा' म्हणजे समूळ नायनाट, आणि ऐनने सुरू होणारा 'इबादा' म्हणजे उपासना, आपली इबादत. देवनागरीत दोन्ही एकसारखेच दिसतात. कीटकनाशकाचा मुख्य शब्द 'मुबीद' हा पहिल्याच्या घरातला, म्हणजे नायनाट करणारा. तेव्हा हा घोळ अगदी दारातच होतो. उलटा प्रकारही आहे. 'फुत्र' म्हणजे बुरशी आणि 'फित्र' म्हणजे उपास सोडणं (ईद-उल-फित्रमधला), हे दोन्ही बिनस्वरांच्या अरबीत अक्षर न अक्षर सारखे लिहितात. संदर्भच सांगतो की बाटलीवरचं 'मुबीद फुत्री' म्हणजे बुरशीनाशक.

आकडे: इथे चूक परवडत नाही

इजिप्तपासून आखातापर्यंत लेबलवर अनेकदा पूर्वेकडचे अरबी अंक असतात. अरब लोक त्यांना 'अल्-अर्काम अल्-हिंदिय्या', म्हणजे हिंदी आकडे म्हणतात. म्हणून ते आपल्याला सोपे जातील असं समजू नका, उलट मराठी डोळ्याला तेच जास्त फसवतात. त्यांचा पाच हा पोकळ गोल असतो, हुबेहूब आपल्या शून्यासारखा. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यांचा नऊ इंग्रजी नवासारखा, म्हणजे आपल्या एकाशी मिळताजुळता. सात इंग्रजी व्हीसारखा, आणि आठ म्हणजे तोच उलटा. पन्नास मिली लिहिलेलं असतं तेव्हा एक गोल आणि एक ठिपका दिसतो, आणि घाईत नजर त्याला शून्य म्हणून सोडून देते. आणखी एक: मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, पण संख्या मात्र आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचायची. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशियात इंग्रजी आकडेच वापरतात, तिथे हा त्रास नाही.

शब्दांच्या आधी या दहा अंकांचा सराव करा. जुन्या लेबलांवरच्या फक्त संख्या मोठ्याने वाचायच्या. कंटाळवाणं आहे, पण डोसची चूक याच पायरीवर टळते.

धातू आणि साचे

इथे वेळ घालवा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

ल-व-थ हा धातू घ्या, अर्थ मळवणं, दूषित करणं. त्यापासून 'तल्वीथ' म्हणजे प्रदूषित करणं आणि 'तलव्वुथ' म्हणजे प्रदूषण होणं, प्रदूषण. हाच जोड दुसऱ्या धातूवर लावा. ह-ल-ल वरून 'तहलील' म्हणजे पृथक्करण करणं (लॅबमध्ये जे होतं ते), आणि 'तहल्लुल' म्हणजे विघटन होणं (मातीत औषधाचं जे होतं ते). विष म्हणजे 'सम्म', विषबाधा होणं म्हणजे 'तसम्मुम'. वाळवंट म्हणजे 'सहरा', वाळवंटीकरण म्हणजे 'तसह्हुर'. थोडक्यात 'त' आणि मधल्या अक्षरावर 'ई' असेल तर बहुधा कुणीतरी करतंय, आणि मधलं अक्षर दुहेरी होऊन पुढे 'उ' असेल तर ते आपोआप होतंय. मराठीतला करणे-होणे हा फरक आपल्याला जन्मजात कळतो, त्यामुळे ही जोडी मराठी माणसाला चटकन बसते.

याच साच्यातला एक गमतीदार शब्द. धान्यातला किंवा झाडातला सोंडकिडा म्हणजे 'सूसा', आणि दात किडणं म्हणजे 'तसव्वुस'. दाताला कीड लागते ही कल्पना दोन्ही भाषांनी कशी जपली आहे बघा.

पुढचा साचा 'मु-' चा. 'मु-' ने सुरू होणारा शब्द बहुतेक वेळा करणारा किंवा केलेला असतो. 'मुलव्विथ' म्हणजे प्रदूषक, 'मुलव्वथ' म्हणजे प्रदूषित. फरक एका स्वराचा, आणि स्वर तर छापतच नाहीत. मग ओळखायचं कसं? अनेकवचनी '-आत' लावून शब्द एकटाच नाम म्हणून उभा असेल तर तो प्रदूषक: 'अल्-मुलव्विथात'. पाणी, माती, हवा यांच्यामागे विशेषण म्हणून आला तर बहुधा प्रदूषित: 'मियाह मुलव्वथा', दूषित पाणी. मात्र पदार्थ या अर्थाच्या 'माद्दा' शब्दामागे आला की दोन्ही अर्थ निघू शकतात. तिथे पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय निर्णय करू नका. यांत्रिक भाषांतरही नेमकं इथेच घसरतं.

तिसरा 'इस्ति-' चा साचा. 'इस्तिखदाम' वापर, 'इस्तीराद' आयात, 'इस्तिन्शाक' श्वासावाटे आत घेणं. आणि 'इस्तिहलाब'. याचा धातू ह-ल-ब, दूध काढणं. दुधाला अरबीत 'हलीब' म्हणतात. ईसी प्रकारचं औषध पाण्यात ओतलं की पाणी दुधाळ होतं हे फवारणी करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. त्याचं अरबी नाव 'मुरक्कज काबिल लिल-इस्तिहलाब', म्हणजे दुधाळ होऊ शकणारं संहत द्रावण. आता हा शब्द पाठ करावा लागणार नाही.

व्याकरणातल्या दोनच गोष्टी आत्ता घ्या. विशेषण नामाच्या मागून येतं. आणि निर्जीव वस्तूंच्या किंवा प्राण्यांच्या अनेकवचनाला विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी लागतं. म्हणून एक कीटकनाशक 'मुबीद हशरी', पण अनेक 'मुबीदात हशरिय्या'. तणनाशक 'मुबीद आशाब', उंदीरनाशक 'मुबीद कवारिद'. शब्दकोश मात्र धातूप्रमाणे लावलेला घ्या. 'मुतबक्कियात' हा शब्द म अक्षरात शोधाल तर मिळणार नाही, तो ब-क-य खाली आहे.

घरात आधीपासून असलेले शब्द

ब-क-य वरून आठवलंच असेल: बाकी. 'मुतबक्कियात अल्-मुबीदात' म्हणजे औषधाचे मागे उरलेले अंश, आपले शेतकरी ज्याला सरळ रेसिड्यू म्हणतात ते. फारसीमार्गे मराठीत आलेले असे कितीतरी शब्द या क्षेत्रात पुन्हा भेटतात. कीड म्हणजे 'आफा', अनेकवचन 'आफात'. आपली आफत तीच. मर्यादा म्हणजे 'हद्द'. परिणाम म्हणजे 'अथर', आपला असर, आणि पर्यावरणीय परिणामाचं मूल्यमापन म्हणजे 'तक्यीम अल्-अथर अल्-बीई'. धोका 'खतर', तारीख 'तारीख', हवा 'हवा'.

पण काही शब्द अर्थ बदलून बसले आहेत. 'महसूल' अरबीत पीक, आपल्याकडे सरकारचा सारा. 'जिराआ' म्हणजे सगळीच शेती, आपली जिरायत फक्त कोरडवाहू. 'गरीब' म्हणजे परका. म्हणून बाहेरून येऊन पसरणाऱ्या वनस्पती-प्राण्यांना 'अन्वा गरीबा गाझिया' म्हणतात, परक्या आक्रमक जाती. 'रबी' म्हणजे वसंत आणि 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू. इजिप्तच्या पत्रकात खरीफात फवारा असं लिहिलं असेल तर जून-जुलै समजू नका. अपवाद ओमानच्या सलालाहचा. तिथे खरीफ म्हणजे चक्क जून ते सप्टेंबरचा पावसाळा, कारण तोच नैर्ऋत्य मोसमी वारा तिथल्या डोंगरांना भिजवतो.

एक लेबल ओळीओळीने

समजा हातात मॅलाथिऑन या कीटकनाशकाची बाटली आहे. वर 'मालाथियून' आणि टक्केवारी. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पॅराक्वाट 'बाराक्वात' होतं आणि क्लोरपायरिफॉस 'क्लूरबीरीफूस'. 'ग' साठी सर्वमान्य अक्षर नसल्याने ग्लायफोसेट इजिप्तमध्ये जीमने लिहितात आणि बाकी अनेक ठिकाणी गैनने. परदेशी रसायनाचं नाव लागेना तर 'ब' च्या जागी 'प' ठेवून मोठ्याने वाचा, बऱ्याचदा उलगडतं.

त्याखाली 'अल्-माद्दा अल्-फआला', सक्रिय घटक. हा शब्द सापडला की निम्मं लेबल वाचल्यासारखं आहे, कारण व्यापारी नावं देशागणिक बदलतात, सक्रिय घटक बदलत नाही. मग द्रावणाचा प्रकार: वर आलेला इस्तिहलाबवाला, किंवा 'मसहूक काबिल लिल-बलल' (पाण्यात भिजणारी भुकटी), 'हुबैबात' (दाणेदार), 'मुअल्लक मुरक्कज' (एससी, बारीक कण तरंगत असलेला दाट द्रव).

मधल्या तक्त्यात साधारण चार रकाने असतात: 'अल्-महसूल' पीक, 'अल्-आफा' कीड, 'मुअद्दल अल्-इस्तिखदाम' वापराचं प्रमाण आणि 'फत्रत अल्-अमान'. शेवटचा म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतला सक्तीचा कालावधी, आपला पीएचआय. काही ठिकाणी त्यालाच 'फत्रत मा कब्ल अल्-हसाद', काढणीपूर्व कालावधी, म्हणतात. दोन्ही नावं लक्षात ठेवा.

प्रमाण कशाला दिलंय तेही पाहा. इजिप्तचा 'फद्दान' ४,२०० चौरस मीटरचा, म्हणजे एकरापेक्षा किंचित मोठा, साडेएकेचाळीस गुंठे. जॉर्डन-पॅलेस्टाइनकडचा 'दूनम' १,००० चौरस मीटरचा, जवळपास दहा गुंठे. इराकचा दूनम मात्र २,५०० चौरस मीटरचा. शब्द एकच, पण डोसात अडीचपट फरक.

सूचनांची भाषा आपल्याला सोपी वाटेल. मराठीत ठेवावे, हलवावे, मिसळावे असं लिहितात, तिथे अरबी लेबल 'यु-' ने सुरू होणारी कर्मणी रूपं वापरतं. 'युहफज बईदन अन मुतनावल अल्-अत्फाल', मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. 'युरज्ज जय्यिदन कब्ल अल्-इस्तिमाल', वापरण्यापूर्वी चांगले हलवावे. 'युम्ना अत्-तदखीन', धूम्रपानास मनाई. मनाई शब्द तर तोच आहे. हातमोजे 'कुफ्फाजात', मास्क 'किमामा', प्रथमोपचार 'अल्-इस्आफात अल्-अव्वलिय्या', उतारा 'तिर्याक'. उत्पादनाची तारीख 'तारीख अल्-इंताज' आणि मुदत संपण्याची 'तारीख अल्-इंतिहा'. या दोघांची सुरुवात सारखी आहे, शेवटची अक्षरं पाहूनच ठरवा.

खालच्या रंगीत पट्टीवर आपल्या सवयीने जाऊ नका. भारतात लाल म्हणजे अतिविषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) मार्गदर्शनाप्रमाणे चालणाऱ्या देशांत लाल पट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत वरच्या दोन्ही वर्गांना मिळून असते, आणि पिवळी ही मध्यम धोक्याची. पिवळा तोच, पण त्याची पायरी वेगळी. म्हणून रंगाशेजारचे शब्द वाचा: 'शदीद अस्-सुम्मिय्या' म्हणजे तीव्र विषारी, 'मुतवस्सित अस्-सुम्मिय्या' म्हणजे मध्यम.

किडी आणि रोग

नाशिककडच्या द्राक्षवाल्याला हा भाग आवडावा. 'दकीक' म्हणजे पीठ. मिलीबग अरबीत 'अल्-बक्क अद्-दकीकी', अक्षरशः पिठाळ ढेकूण, आणि मराठीत पिठ्या ढेकूण. भुरी म्हणजे 'अल्-बयाद अद्-दकीकी', पिठाळ पांढरेपणा. डाऊनी किंवा केवडा म्हणजे 'अल्-बयाद अज्-जगबी', लवदार पांढरेपणा. पांढरी माशी 'अज्-जुबाबा अल्-बैदा', मावा 'अल्-मन्न', फळमाशी 'जुबाबत अल्-फाकिहा'. विदर्भाच्या ओळखीची गुलाबी बोंडअळी म्हणजे 'दूदत अल्-लौज अल्-कुरुन्फुलिय्या'.

अरब जगात सर्वाधिक छापून येणारी नावं दोन. 'सूसत अन्-नखील अल्-हम्रा' म्हणजे खजुराच्या झाडाचा लाल सोंडकिडा, कोकणात नारळावर येणारा सोंड्या भुंगा तो हाच. तो मूळचा आपल्या बाजूचा, दक्षिण आशियातला. १९८० च्या दशकात आखातात पोहोचला आणि खजूर बागायतदारांचा शत्रू क्रमांक एक झाला. दुसरं नाव 'अल्-जराद अस्-सहरावी', वाळवंटी टोळ. याच टोळांचे थवे मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरपर्यंत आले होते. या दोन विषयांवर अरबीत सोप्या भाषेतल्या घडीपत्रिका भरपूर निघतात, वाचनाचा सराव त्यांच्यापासून सुरू करा.

एक अवघड जागा इथेच सांगतो. नियंत्रणाला सर्वसाधारण शब्द 'मुकाफहा'. एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणजे 'अल्-मुकाफहा अल्-मुतकामिला लिल-आफात'. इजिप्तमध्ये मात्र नियंत्रणालाही 'मुकावमा' म्हणतात, आणि 'मुकावमा' चा दुसरा अर्थ किडीत आलेली प्रतिकारशक्ती. 'मुकावमत अल्-आफात' एवढंच असेल तर दोन्ही शक्यता असतात. पुढे 'लिल-मुबीदात' आलं की प्रतिकारशक्ती नक्की, औषधांना किडींनी दाखवलेली.

लॅबचा अहवाल

हे लवकर होतं. नमुना 'अय्यिना', अहवाल 'तक्रीर', शोधमर्यादा 'हद्द अल्-कश्फ', एमआरएल, म्हणजे अंशांची कमाल मर्यादा, 'अल्-हद्द अल्-अक्सा लिल-मुतबक्कियात'. पीपीएम (दहा लाखांत एक भाग) 'जुज फी अल्-मिल्यून'. निकाल एका शब्दाचा: 'मुताबिक' म्हणजे नियमात, 'गैर मुताबिक' म्हणजे नियमाबाहेर. त्यानंतर 'मर्फूद' दिसलं तर माल नाकारला. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र 'शहादा सिह्हिय्या नबातिय्या', क्वारंटाइन 'अल्-हज्र अज्-जिराई'. कोडेक्सला (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचा संग्रह) अरबीत 'अद्-दुस्तूर अल्-गिजाई' म्हणतात, अन्नाची राज्यघटना म्हणा ना. परिपत्रकात हा शब्द दिसला की मर्यादा तिथून घेतली आहे असं समजा.

पर्यावरण आणि करार

पर्यावरण म्हणजे 'बीआ', विशेषण 'बीई'. परिसंस्था 'निजाम बीई', जैवविविधता 'तनव्वु हयवी', भूजल 'मियाह जौफिय्या', हवामान बदल 'तगय्युर अल्-मुनाख', शाश्वत 'मुस्तदाम'. वर्तमानपत्रं हरितगृह परिणामाला 'इह्तिबास हरारी', उष्णता अडकणं, म्हणतात.

'उदवी' या शब्दावर जरा थांबा. 'उद्व' म्हणजे अवयव, इंद्रिय. 'उदवी' म्हणजे सेंद्रिय, शब्दाची घडणही तीच. आणि मराठीसारखाच तो दोन्हीकडे चालतो: 'जिराआ उदविय्या' म्हणजे सेंद्रिय शेती, आणि 'मुरक्कबात अल्-फुस्फूर अल्-उदविय्या' म्हणजे मॅलाथिऑनच्या कुळातली सेंद्रिय फॉस्फरस संयुगं. तेव्हा लेबलवर 'उदवी' दिसलं म्हणून ते औषध निरुपद्रवी ठरवू नका.

मोठा उतारा वाचायला घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार उत्तम. २००१ मध्ये स्वीकारला, २००४ पासून लागू, आणि त्याचा अरबी मजकूर इंग्रजीइतकाच अधिकृत आहे. त्यामुळे कलमाशेजारी कलम ठेवून वाचता येतं. मुख्य शब्द 'अल्-मुलव्विथात अल्-उदविय्या अथ्-थाबिता', टिकून राहणारे सेंद्रिय प्रदूषक. या तीन शब्दांत आत्तापर्यंतचा अर्धा अभ्यास आला आहे. परिशिष्टांना अलिफ, बा, जीम अशी नावं असतात; डीडीटी बा मध्ये सापडेल. एकटा शब्द अडला तर एफएओचा बहुभाषी अ‍ॅग्रोव्होक कोश आणि संयुक्त राष्ट्रांचा परिभाषा संग्रह हे दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.

देशोदेशी आणि शेताच्या बांधावर

मोरोक्को-ट्युनिशियात शेतीला 'फिलाहा' म्हणतात आणि सेंद्रिय शेतीला फ्रेंच वळणाने 'फिलाहा बियूलूजिय्या'. कैरोत जीमचा उच्चार 'ग' होतो, त्यामुळे डोस म्हणजे 'जुर्आ' तिथे 'गुर्आ' ऐकू येईल. वहीत शब्दासमोर देशाचं नाव लिहायची सवय लावा.

आणि शेतात गेलात तर 'मुबीद' फारसा कानावर पडणार नाही. आपला शेतकरी औषध मारलं म्हणतो, तसा तिथलाही 'दवा' म्हणतो. औषधाच्या दुकानातली गोळीही 'दवा', टाकीतलं विषही 'दवा'. विषबाधेच्या वेळी डॉक्टरला नुसतं 'दवा' सांगून काही कळत नाही. म्हणून एक प्रश्न तोंडपाठ ठेवा: 'मा हिय अल्-माद्दा अल्-फआला?' सक्रिय घटक कोणता? उत्तर देता आलं नाही तर 'ऐन अल्-उब्वा?', डबा कुठे आहे, असं विचारा आणि डबाच उचलून सोबत न्या.